सांबरीण दाखवण्याचा कार्यक्रम

एका जंगलात शिदोजी नावाचा सांबर राहत होता. जंगलात आणखीही पुष्कळ जण राहत होते. त्यांच्याशी आपल्याला काम नाही. नीट बसा. मध्ये बोलू नका.

शिदोजीच्या डोक्यावर मोठी शिंगं होती. डाव्या बाजूला तीन फाटे, उजव्या बाजूला तीन. तो पाणी प्यायला वाकला की पाण्यात आधी शिंगं दिसत, मग तो दिसे. त्याला तेवढं पुरत होतं.

त्याच्या बायकोचं नाव गोजरा. लग्नाला बारा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दोन्ही वेळा गोजरा करवंदीच्या जाळीत जाऊन चार दिवस बसून राहिली. कळपानं तो विषय पुन्हा काढला नाही. आपण फार समजूतदार आहोत असं कळपाला वाटलं.

मग उपाय झाले. अस्वलाचा काढा झाला. घुबडाचा ताईत झाला. काढा कडू होता आणि ताईत टोचत होता, एवढाच गुण आला.

एके दिवशी धोबी आला. धोबी म्हणजे शेपटी हलवत चालणारा तो लहान पक्षी. कपडे धूत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे येतो, उन्हाळ्यात बर्फाच्या मुलखात जातो. म्हणून त्याला दोन्हीकडची भाषा येते, आणि दोन्हीकडच्या किड्यांची चवही.

धोबी म्हणाला, "वहिनी, तिकडे एक डॉक्टर आहे. मोठं नाव आहे. जीव बाहेर काचेच्या बशीत धरवतात आणि मग आईच्या पोटात ठेवतात. टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात."

"बशीत?" शिदोजी म्हणाला. "मग कपानं काय घोडं मारलंय?"

"अहो, ऐकून तरी घ्या," गोजरा म्हणाली.

बशीत कसं धरवतात ते मला विचारू नका. घरी विचारा. घरचे तुम्हाला पाढे म्हणायला बसवतील.

तर, एवढ्या लांब एकदम जायचं नसतं. आधी डॉक्टर फोनवर बघणार, अर्धा तास बोलणार. मग या किंवा येऊ नका, ते सांगणार. फोन जंगलात होता. कुणा पर्यटकाच्या जीपमधून पडलेला. वानरांनी तो चावून बघितला, गोड लागला नाही, म्हणून धोब्याला देऊन टाकला.

नंबर सात महिन्यांनी लागला. हा हुकला तर पुढचा दोन वर्षांनी. गोजराकडे दोन वर्षं नव्हती. तिचं वय निघून चाललं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरकडून तयारीची यादी आली. लहानशी होती. दोघांचं खरं वय लिहा. लग्नाला किती वर्षं झाली ते लिहा. आधी दिवस गेले असतील तर पुढे काय झालं ते लिहा. आजारपणं लिहा. नवऱ्याची तपासणी करून तिचा रिपोर्ट पाठवा. तुमचे प्रश्न काढून ठेवा. शांत जागी दोघांनीच बसा.

यादी आत्याबाईनं ऐकली. आत्याबाई म्हणजे शिदोजीची आत्या, कळपातली सगळ्यात म्हातारी सांबरीण. तिनं कळपात एकवीस लग्नं जमवली होती. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. दुसऱ्याचं व्यंग मात्र लांबून दिसायचं.

"फोनवर बघणार म्हणतोस?" तिनं धोब्याला विचारलं.

"हो."

"बोलवून घेऊन चार प्रश्न विचारणार? मग पसंती कळवणार?"

"साधारण तसंच."

"मग सरळ सांग की दाखवण्याचा कार्यक्रम आहे. एवढी यादी कशाला लागते? मी आहे."

आणि आत्याबाई तयारीला लागली.

आधी फॉर्म. धोबी विचारत होता, आत्याबाई सांगत होती. ज्यांच्याबद्दल फॉर्म होता ती दोघं बाजूला उभी होती.

"वहिनींचं वय?"

"चार वर्षं कमी कर आणि लिही."

"आत्याबाई, डॉक्टरला खरं वय लागतं," गोजरा म्हणाली.

"लागतं म्हणून सांगायचं? उद्या वजन मागेल."

"लग्नाला किती वर्षं?"

"बारा," गोजरा म्हणाली.

"एक लिही," आत्याबाई म्हणाली. "बारा म्हटलं तर तो विचारणार, इतकी वर्षं काय गवत खात होता का? आपण गवतच खात होतो. मग काय सांगणार?"

"आधी कधी दिवस गेले होते?"

धोब्याची शेपटी हलायची थांबली.

"नाही, असं लिही," आत्याबाई म्हणाली.

"आत्याबाई, ते तरी—"

"अगं, बघायला आलेल्या पाहुण्यासमोर असलं कुणी काढतं का?"

"तो पाहुणा नाही. डॉक्टर आहे."

"एकवीस जमवली मी. तू किती जमवलीस?"

धोब्यानं पुढची ओळ काढली.

"आजारपणं?" धोब्यानं विचारलं.

"शिदूला गालगुंड झालं होतं. शिंगं फुटायच्या वयात. दहा दिवस ताप. गालाचा नुसता भोपळा." आत्याबाईला ते आठवून हसू आलं. मग तिनं आवाज बदलला. "प्रकृती ठणठणीत, असं लिही."

"आता नवऱ्याचा रिपोर्ट."

शिदोजीनं मान वर केली. "कुणाचा?"

"तुमचा, शिदोजीराव. ओढ्यापलीकडे बेडकाची लॅब आहे. सकाळी जायचं, दुपारी कागद मिळतो."

"ओढ्यावर रानडुकरं बसलेली असतात. मी कुठं चाललोय ते त्यांना दिसेल."

"मग काय पाठवू?"

शिदोजीनं विचार केला. मग मान तिरपी केली. "फोटो काढ."

"कशाचा?"

"ह्यांचा."

शिंगं एका फोटोत मावेनात. धोब्यानं दोन फोटो काढले, एक डाव्याचा, एक उजव्याचा. रिपोर्टच्या जागी ते दोन्ही लावून दिले.

गोजरानं आपले प्रश्न पळसाच्या पानावर खुरानं कोरून ठेवले होते. तीन होते. त्या पानावर आत्याबाईनं पाहुण्यांसाठी चारोळीचे दाणे काढले. "प्रश्न त्यांनी विचारायचे असतात," ती म्हणाली. "आपण उत्तरं द्यायची. तीही निम्मी."

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. पांढऱ्या खडकावर रेंज येत होती, म्हणून खडक झाडून घेतला. मागे घाणेरीची फुलं लावली. सगळा कळप आंघोळ करून आला. मोर न बोलावता आला. मोराला बोलवावं लागत नाही.

आत्याबाई गोजराच्या कानाशी लागली. "खोकू नकोस. फार हसू नकोस. चालून दाखव म्हणाले तर आधी उजवा पाय टाक."

"मला चालायला नाही सांगणार ते."

"उलट बोलू नकोस, एवढंही सांगायचं राहिलं बघ."

फोन लागला. पडद्यावर बर्फ दिसला. मग शिंगं दिसली. केवढी शिंगं! शिदोजीपेक्षा दोन फाटे जास्त.

आत्याबाईनं वाकून नमस्कार केला. "नमस्कार डॉक्टरसाहेब."

पलीकडून बाईचा आवाज आला.

"डॉक्टरीणबाई आहेत," धोबी हळूच म्हणाला. "रेनडियर म्हणतात त्यांना. त्यांच्यात बायकांनाही शिंगं असतात."

कळपात कुजबुज झाली. शिदोजीनं आपली मान थोडी खाली घेतली.

"एवढे सगळे कोण आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. धोबी इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगत होता.

"घरचेच आहेत," आत्याबाई म्हणाली. "मोर सोडून."

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "वय कमी आहे. लग्नाला एकच वर्ष झालंय. आधीचा काही त्रास नाही. आजार नाही. अहो, मग एवढ्या लांब कशाला येता? तुम्हाला माझी गरज नाही. निश्चिंत राहा, एक-दोन वर्षं वाट बघा. तुमची जागा मी दुसऱ्या कुणाला तरी देते."

धोब्यानं हे सांगितलं आणि कळपानं एकच गलका केला.

"पास झाली!"

"एक खोट काढता आली नाही त्यांना!"

"आत्याबाई, मानलं तुम्हाला!"

आत्याबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाविसावी," ती म्हणाली. "मोहाची फुलं वाटा रे."

शिदोजी गोजराला म्हणाला, "बघ. मी म्हणत नव्हतो? आपल्यात खोट काही नाहीच."

डॉक्टरीणबाईंचा पाय फोन बंद करायला पुढे आला.

"थांबा," गोजरा म्हणाली.

ती फोनपाशी गेली. डावा पाय आधी पडला.

"फॉर्म खोटा आहे. लग्नाला बारा वर्षं झाली. माझं वय लिहिलंय त्याच्यापेक्षा चार वर्षं जास्त आहे."

धोबी आत्याबाईकडे बघायला लागला. "वहिनी, हे सांगू?"

"सांग. एक शब्द गाळलास तर शेपटी उपटीन."

धोब्यानं सांगितलं.

"दोनदा दिवस गेले होते. दोनदा गेलं. पहिल्याचं मी नाव ठरवलं होतं." गोजरा म्हणाली. "मला दोन वर्षं थांबता येणार नाही."

मोहाची फुलं चघळायचा आवाज बंद झाला.

"झालं," आत्याबाई म्हणाली. "मोडलं."

पण फोन बंद झाला नाही. डॉक्टरीणबाई जवळ सरकल्या. पडद्यात आता नुसते डोळे दिसत होते. "कधी गेलं, कसं गेलं, ते सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग. घाई नाही."

गोजरानं सांगितलं. बराच वेळ लागला. कळप उभा राहून ऐकत होता. बारा वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा ऐकलं.

"बरं," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "आणि नवऱ्याचा रिपोर्ट? माझ्याकडे दोन फोटो आलेत. हे डावं शिंग, आणि हे उजवं."

शिदोजी खाकरला. "तोच."

"तोच काय?"

"रिपोर्ट."

"अहो, शिंगं माझ्याही डोक्यावर आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी काही कुणाचा बाप होत नाही."

हे धोब्यानं अगदी बारीक आवाजात सांगितलं. मोर मोठ्यानं हसला. मग त्याला आपला पिसारा आठवला आणि तो गप्प झाला.

"ह्यांना कधी गालगुंड झालं होतं का?"

"नाही," शिदोजी आणि आत्याबाई एकदम म्हणाले.

"हो," गोजरा म्हणाली. "दहा दिवस ताप होता."

"गालगुंडानं कधीकधी बाप होणं अडतं. मग तपासणी आधी. आठ दिवस देते. खरा रिपोर्ट आला की दोघांना बोलावते. नाही आला तर जागा दुसऱ्याची."

फोन बंद झाला.

घराण्याचं नाक कापलं, असं कळप म्हणाला. म्हणता म्हणता त्यानं मोहाची फुलं संपवली आणि तो निघून गेला.

शिदोजी तणतणला. "चारचौघांत बोललीस!"

"चारचौघं मी बोलावली नव्हती," गोजरा म्हणाली.

सात दिवस शिदोजी ओढ्याकडे फिरकला नाही. एक दिवस ऊन होतं. एक दिवस पाय दुखत होता. एक दिवस वार बरा नव्हता. गोजरानं एकदाही जा म्हटलं नाही. आठव्या दिवशी सकाळी ती उठली आणि ओढ्याच्या वाटेला लागली.

"कुठं निघालीस?" शिदोजीनं विचारलं.

"ओढ्यापर्यंत. तिथं उभी राहते. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

"डुकरं बघतील."

"त्यांना बारा पिल्लं आहेत. मान वर करायला वेळ नाही त्यांना."

शिदोजी तिच्या मागे निघाला. ओढ्यावर खरंच कुणी मान वर केली नाही. बारा पिल्लं चिखलात लोळत होती आणि आई त्यांना मोजत होती. दर वेळी अकराच भरत होती.

रिपोर्टमध्ये काय होतं ते सांगायचं मला कारण नाही आणि ऐकायचं तुम्हाला नाही. तो जसा होता तसा गेला. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी शिदोजीनं एवढंच विचारलं, "पहिल्याचं नाव काय ठरवलं होतंस?" तिनं सांगितलं.

ती दोघं बर्फाच्या मुलखात गेली. आत्याबाई अजून सगळ्यांना सांगते, "पहिल्याच बैठकीत पसंत पडली. कार्यक्रम मी केला होता."

काय? पुढे मूल झालं का?

तुम्हीही विचारायला लागलात? दुसऱ्याच्या घरात डोकवायला एवढ्या लहानपणी कुणी शिकवलं? उठा. पाय धुवा आणि जेवायला बसा.

तात्पर्य: डॉक्टरला कधीही खरं सांगू नये. खोटं सांगितलं की माणूस जागच्या जागी बरा होतो. औषध लागत नाही, प्रवास लागत नाही, आणि घराण्याची अब्रूही राहते. दुखणं तेवढं जात नाही. पण सगळंच कुणाला मिळतं?