घरात विचारून सांगतो

भूत समोर उभं असताना त्याला "थांब गा, घरात विचारून सांगतो" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले बोरकुटे काका. भूत अर्थात टीव्हीवरचं होतं, पण काकांनी त्यालाही सोयरिकीच्या बैठकीला आलेल्या पाहुण्याइतकाच मान दिला.

काकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, पारशिवनीकडे गेली. रिटायर झाल्यावर शहराच्या कडेला, बेसाला फ्लॅट घेतला. भाजीवाला वांगी विचारो की सोसायटी लिफ्टचा रंग, काकांचं उत्तर ठरलेलं: "घरात विचारून सांगतो." आणि ते खरोखरच विचारायचे.

जावयाने नवं गेम-मशीन घेतलं आणि जुनं सासऱ्यांना देऊन टाकलं. काकांनी त्यातला एकच खेळ धरला. पाच मित्र घाटातल्या एका बंद हॉटेलात अडकतात आणि तिथे भुताटकी असते. सगळं सिनेमासारखं चालतं, फक्त मध्येमध्ये खेळ आपल्याला विचारतो, दार उघडायचं की पळायचं? आपण म्हणू तशी गोष्ट वळते. चुकलो तर एखादा मरतो, आणि गोष्ट त्याच्याशिवाय पुढे जाते. पर्याय इंग्रजीत, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दर रविवारी दुपारी मला बोलावणं असायचं. पडदे ओढून आम्ही बसायचो. तिसरे प्रेक्षक खालच्या मजल्यावरचे मेश्राम भाऊ. यांना भुतांपेक्षा काकांच्या निर्णयांचीच जास्त भीती वाटायची.

पडद्यावरच्या गोऱ्या पोरांची नावं काकांनी पहिल्याच दिवशी बदलली. सोनेरी केसांची शालू, चष्मेवाला प्रमोद. "शालूले थंडी वाजून राहिली. घाटात येताना सेटर काहून नाही घातला इनं?" याची चिंता त्यांना भुताच्याही आधी. आणि चुका तर अशा, की विचारू नका. वायर तुटलेला फोन वाजला, काकांनी लगेच उचलायला लावला.

"अहो, तुटलेला फोन वाजून राहिला अन् तुम्ही उचलता?" मेश्राम भाऊ कपाळाला हात लावून म्हणाले.

"कोणाचं अर्जंट काम असंल तर?"

त्या फोनपायी प्रमोद गेला. काकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

काकूंबद्दल खरं तर आधीच सांगायला हवं होतं. त्यांची धाकटी बहीण रामटेकला होती. दोघी रोज सकाळी फोनवर बोलायच्या, आणि काकूंचा आवाज इतका खणखणीत की रामटेकच्या लग्नाकार्याच्या बातम्या आमच्या अख्ख्या मजल्याला कळायच्या. मागच्या उन्हाळ्यात बहीण गेली आणि काकू गप्प झाल्या. चिडणं नाही, रडणं नाही. काही विचारलं तर हो किंवा नाही, बस्स. डॉक्टर झाले, लेक येऊन राहून गेली. एकदा काका मला जिन्यात म्हणाले, "मॅडम, घरात माणूस आहे अन् आवाज नाही. मले लय भेव लागते."

खेळाच्या पहिल्याच रविवारी शालू तळघराच्या दाराशी पोचली. काकांनी खेळ थांबवला आणि स्वयंपाकघराकडे मान करून विचारलं, "अवं, पोरगी खाली उतरू का म्हणते." आतून उत्तर नाही. काकांनी तिला उतरवली. अर्ध्या जिन्यात दिवा गेला, आणि आतून आवाज आला, "नको जाऊ वं पोरी! अन् तुम्हाले काही अक्कल आहे का नाही जी? अंधारात एकट्या पोरीले कोणी धाडते?"

भुताने नाही, पण त्या आवाजाने आम्ही तिघंही दचकलो. शालू गेली ती गेली. काका मात्र दिवसभर खूश होते.

तेव्हापासून जवळजवळ दर रविवारी हेच. काका चुकणार, पोरं मरणार, काकू आतून उद्धार करणार. निदान रविवारपुरत्या तरी त्या बोलत होत्या.

मग सुटीच्या एका बुधवारी दुपारी मी काकूंचा डबा परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. काकू आत झोपलेल्या, टीव्हीचा आवाज अगदी बारीक. काका एकटेच खेळत होते. पर्याय आला की वाचायचे आणि क्षणात बटण दाबायचे. माझी गरज कुठेच नव्हती. फोन वाजला, उचलला नाही. तळघर आलं, उतरले नाहीत. पाचही पोरं धडधाकट बाहेर पडली. मग काकांना मी दिसले.

"काका, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"सारी नोकरी टेंडरं वाचण्यात गेली, मॅडम." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. "एका रविवारी मी बरोबर खेळलो होतो. ती पूरी दुपार चूप बसली. चुकलं की ती चिडते, बोलते. आता कुठं चुकायचं, ते दुपारी पाहून ठेवतो."

डबा ठेवून मी घरी आले.

त्या रविवारी चहा करायला मी काकूंबरोबर स्वयंपाकघरात होते. बाहेरून काकांची हाक आली, "अवं, शालू मागच्या दारानं जाऊ का म्हणते!"

काकूंनी हातातली गाळणी खाली ठेवली आणि हळूच मला म्हणाल्या, "दुपारी ते खेळतात ना, तवा मी जागीच असते बाई. त्यायले वाटते मले झोप लागली. सगळे पोरं वाचवतात."

मी गॅस बारीक केला.

"मले अजूनबी बोलावंसं वाटत नाही. रामटेकचा फोन येत नाही, तर बोलू कोणाशी? पण वाटते, हा माणूस माह्यासाठी एवढं करून राहिला. मी चूप बसली तर याचं कसं होईन?"

त्यांनी पदराने डोळे पुसले, घसा साफ केला आणि दाराकडे तोंड करून ओरडल्या, "खबरदार तिले एकटं धाडलं तर! थांबा, मीच येऊन राहिली!"

आणि आजवर स्वयंपाकघरातूनच ओरडणाऱ्या काकू बाहेर जाऊन सोफ्यावर बसल्या. काकांनी सरकून जागा केली आणि खेळाचा रिमोट त्यांच्या हातात दिला.

उरलेला चहा मीच गाळला, आणि जरा वेळ लावूनच बाहेर नेला.