पाणी आल्याचा आवाज

वैजयंता भाकरी थापायला ओट्याशी आली तेव्हा परातीत एक स्पीकर उताणा पडला होता.

"अहो, हा इथे कुणी ठेवला?" तिने विचारलं. विचारलं ते आपलं रीत म्हणून. भाईंदर पश्चिमेच्या त्या दोन खोल्यांत परातीत स्पीकर ठेवू शकणारा माणूस एकच होता आणि तो तिचा नवरा होता.

"हात नको लावू! परातीत आवाज घुमतो का बघतोय," आतून वाल्मिक म्हणाला.

वाल्मिक साळवे अंधेरीच्या एका कारखान्यात टेस्टिंगला होता. दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं तपासून त्याचं मन भरत नसे, म्हणून घरी येऊन तो स्वतःची बनवायचा. गेले चार महिने तो नवजीवन सोसायटीसाठी पाणी-सूचक यंत्र बनवत होता. पाणी यायला काही वेळकाळ नव्हता. सकाळी दहाला येई, नाहीतर दुपारी चारला, नाहीतर उद्या. वाल्मिकने टाकीत उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी दोन तारा बसवल्या होत्या. त्या ओल्या झाल्या की लॅमिंग्टन रोडवरून आणलेली चाळीस पायांची मायक्रोकंट्रोलर चिप जागी होई आणि तीन सूर काढी. वरच्या मजल्यांवरच्यांनी ते ऐकावेत आणि खाली येऊन मोटर सुरू करावी, अशी योजना होती.

अडचण सुरांचीच होती. चिपचं डोकं तल्लख, पण घसा अगदी नाजूक. तिच्या पायातून निघालेला आवाज कानाला लावला तरच ऐकू येई. तो मोठा कशाने करायचा, यावर साळव्यांच्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

आधी त्याने कोटाच्या बटणाएवढा एक बझर जोडून पाहिला. तो "टीं टीं टीं" असं म्हणाला.

"छान वाजतोय की," वैजयंता म्हणाली. "बारकुसा, गोड."

"गोड काय करायचाय? तिसऱ्या मजल्यावर कोणाला ऐकू येणार?" असं म्हणून वाल्मिकने तो नापास केला. मग अँप्लिफायरची छोटी चिप आणि चार इंची स्पीकर आला, आणि आता तो परातीत पडला होता.

"हे बघा," वैजयंता परात रिकामी करत म्हणाली, "पोळपाटाला डाग पाडलात, मी बोलले नाही. मिठाच्या बरणीत स्क्रू निघाले, तरी बोलले नाही. पण आता रविवारपर्यंत मुदत. रविवारी तुमचं यंत्र सगळ्यांसमोर नीट चाललं तर ठीक. नाहीतर ते सोल्डरिंग आयर्न माळ्यावर जाणार, आणि परत खाली येणार नाही."

वैजयंता उगाच बोलणारी बाई नव्हती. लग्नात मिळालेली त्याची सनई तीन वर्षं माळ्यावरच होती.

खरं तर सोसायटीचं पाणी आजवर काही अडलं नव्हतं. तळमजल्यावरच्या हंसाबेन रिकाम्या पातेल्यावर नळ उघडा टाकून बसत. पातेलं वाजलं की त्या मोटर सुरू करत, आणि मग अनवाणी पायांनी चार मजले चढून दारोदार जात. प्रत्येक बाईच्या कानाशी वाकून सांगत, "पानी आया." वाल्मिकला ही पद्धत पाहून वाईट वाटे. एवढी महत्त्वाची बातमी, आणि ती कुजबुजत? त्याने ठरवून टाकलं होतं, बाईंचा घसा बसलेला असणार.

सोसायटीचे सेक्रेटरी दत्ताराम परब हे गिरगावातून भाईंदरला आलेले आणि कुठलीही गोष्ट लहान प्रमाणात न करणारे गृहस्थ. शुक्रवारी ते यंत्र बघायला आले. स्पीकरचा आवाज ऐकून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"वाल्मिकराव, हा काय आवाज झाला? मांजर शिंकल्यासारखा! उद्घाटन आहे, काहीतरी दणदणीत पाहिजे."

"मग बबनचा भोंगा लावू या?" वाल्मिकचे डोळे चमकले.

बबन राई गावचा. चौदा एप्रिलला त्याचाच भोंगा असे. शनिवारी तो रिक्षातून अँप्लिफायर आणि भोंगा घेऊन हजर झाला. भोंगा गच्चीच्या कठड्याला बांधताना म्हणाला, "साळवेसाहेब, असा भोंगा आख्ख्या भाईंदरान न्हाय. खाडीपलीकडं आवाज जातंय बघा."

"वा!" परब म्हणाले. "याला म्हणतात आवाज."

एवढ्यावर थांबतील तर ते परब कसले. सोसायटीचा फळा फाटकावर, रस्त्याकडे तोंड करून टांगलेला असे. त्यावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं : 'रविवारी पाणी-सूचक यंत्राचे उद्घाटन. भोंगा वाजला की पाणी आले असे समजावे. सर्वांनी लाभ घ्यावा.'

रविवारी सगळी सोसायटी नटूनथटून खाली जमली. हंसाबेनना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती आणि त्यांचं पातेलं सन्मानाने पालथं घातलं होतं. साडेचार वाजता पाइपात खळखळ झाली. तारा भिजल्या. चिप जागी झाली, आणि गच्चीवरून असे तीन सूर निघाले की समोरच्या नारळावरचे कावळे खाडीकडे उडाले.

टाळ्या पडल्या. वाल्मिकने वैजयंताकडे पाहिलं. ती चक्क हसत होती.

पण टाळ्या थांबल्यावर दुसराच आवाज ऐकू यायला लागला. आधी शेजारच्या उत्तम दर्शनमधून घुर्रर्र झालं. मग त्यापलीकडच्या इमारतीतून. मग समोरून. त्या गल्लीत रस्त्याखाली पाइप एक होता आणि सोसायट्या सात, आणि ज्याची मोटर आधी लागेल त्याची टाकी भरे. आज सातही मोटरी एका सुरात लागल्या होत्या. उद्घाटनाचं भाषण राहिलं होतं म्हणून सर्वांत शेवटी लागली ती नवजीवनची, आणि ती दोन मिनिटांत नुसती हवा ओढायला लागली. पाइपातून शेवटचा एक सुस्कारा आला आणि पाणी गेलं. टाकीचा तळ जेमतेम ओला झाला होता.

"हे कसं झालं?" वाल्मिक म्हणाला. "सगळ्यांना कसं कळलं?"

फळ्याकडे कोणी बघितलं नाही. परबांनी तर मुळीच नाही.

हंसाबेन खुर्चीवरून उठल्या आणि सवयीने त्याच्या कानाशी वाकल्या. "वाल्मिकभाई," त्या कुजबुजल्या, "पानी आया, ये बात कोई भोंगे पे बोलने की है?"

तेव्हा वाल्मिकच्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंचा घसा उत्तम होता. चार महिने तो जी उणीव दूर करायला धडपडत होता, तीच त्या पद्धतीतली खरी करामत होती.

दोन दिवस नवजीवनने राईच्या विहिरीवरून बादल्या आणल्या. जिन्यात वाल्मिकला बघून लोक बादल्या जरा जोरात ठेवत. सोमवारी संध्याकाळी त्याने निमूटपणे आयर्न फडक्यात गुंडाळलं आणि स्टूल घेऊन माळ्याखाली उभा राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं.

"थांबा जरा," वैजयंता म्हणाली. मिसळणाच्या डब्यातून तिने तो बटणाएवढा बझर काढला. त्याला थोडी हळद लागली होती. "हा हंसाबेनच्या स्वयंपाकघरात बसवा. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं."

"आणि भोंगा?"

भोंग्याचं उत्तर परबांनी दिलं, कारण मंगळवारी इतर सोसायट्यांची माणसं विचारायला आली, भोंगा पुन्हा कधी वाजणार? त्यांनी तर पाण्याच्या पाळतीवर बसवलेले आपापले लोक घरी पाठवून दिले होते. परबांनी मान डोलावली. "वाजवू की! लोकसेवा आहे. वाल्मिकराव, आधी बझर वाजू दे, मग टाकी भरू दे. भोंगा त्यानंतर."

प्रोग्राममध्ये चाळीस मिनिटांच्या थांब्याची भर घालायला वाल्मिकला पाच मिनिटं लागली. मनाला जरा टोचत होतं, म्हणून त्याने चाळीसची तीस केली.

यंत्र नीट चाललं. पंधरा ऑगस्टला गल्लीने झेंडावंदनानंतर वाल्मिकचा सत्कार केला. उत्तम दर्शनचे चेअरमन जीवनभाई यांनी त्याला शाल पांघरली, आणि पांघरताना बराच वेळ त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. वाल्मिकचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

घरी येताच वैजयंताने विचारलं, "काय म्हणत होते हो कानात?"

"त्यांना एक बझर हवाय. भोंग्याच्या आधी वाजणारा."

"अगंबाई! कळलं म्हणायचं त्यांना. आवाज केवढा पाहिजे म्हणाले?"

"आपल्या नवजीवनमध्ये ऐकू येणार नाही एवढा."

वैजयंताने पोळपाट उचलून भिंतीला लावला आणि ओट्यावर अर्धी जागा रिकामी केली.

"एक काय, सहाच बनवून ठेवा," ती म्हणाली. "बाकीचे पाचजणही येतीलच."