राक्षसाचे औदार्य

कुंभकोणच्या दक्षिणी लोककथा संवर्धन मंडळात आईची गोष्ट दाखल करायची, तर नमुना चार भरावा लागतो; त्यात गोष्टीतल्या प्रत्येक पात्रापुढे त्याचा गुण लिहायचा, पुरुषांचा रकाना वेगळा, बायकांचा वेगळा. पंकजाबाईंनी तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीत तीस वर्षं साड्यांतले दोष हुडकले होते. कागदाला भिणारी बाई नव्हे ती! घाई मात्र होती. त्यांची आई गंगाबाई ऐंशीच्या पुढे, सगळं विसरत चाललेली. नातवंडांची नावंसुद्धा गेली, एक गोष्ट तेवढी उरली होती. ती जशीच्या तशी छापून यावी, एवढंच त्यांचं मागणं.

गोष्ट इवलीशी. भरदुपारी घरात राक्षस शिरतो. नवरा खाटेखाली दडतो. सून राक्षसाच्या डोळ्यांत मिरचीपूड फेकते आणि मुसळाने त्याला कायमचा आडवा करते. मग खाटेखाली वाकून म्हणते, "या बाहेर, भात निवला."

अध्यक्ष मुकुंदरावांनी अर्ज वाचला. "सुनेचा गुण चुकलाय, अक्का."

"चुकला कसा? शौर्य लिहिलंय."

"शौर्य पुरुषांच्या रकान्यात येतं. बायकांना सहनशीलता, मौन आणि सुगरणपणा. यातला हवा तो घ्या. मंडळाची बळजबरी नाही."

"अहो, पण मुसळ तिनं हाणलं!"

"मग शौर्य नवऱ्याकडे वर्ग करू."

"तो खाटेखाली आहे, राव."

मुकुंदराव गंभीर झाले. पुरुषांच्या रकान्यात भित्रेपणाची सोय नव्हती. तातडीने उपसमिती बसली: चार पुरुष, आणि कॉफी द्यायला नागलक्ष्मी. ठराव झाला की नवरा कामानिमित्त पापनाशमला गेला होता. पण घरी नसलेला माणूस मुसळ हाणणार कसा? सबब मुसळ वगळण्यात आलं. मिरची राहिली, कारण ती सुगरणपणात बसत होती. सुनेने तिची चटणी वाटून राक्षसाला वाढली. राक्षस पोटभर जेवला आणि सुनेला न खाताच निघून गेला. तोही पुरुष असल्याने त्याला गुण देणं भाग होतं. त्याला औदार्य मिळालं.

"यात माझ्या आईची गोष्ट उरली कुठे?" पंकजाबाई कडाडल्या.

"नाव आईचंच छापतोय की! नाहीतर पुढची आवृत्ती सहा वर्षांनी. थांबता?"

सहा वर्षं आईकडे नव्हती. पंकजाबाईंचा नुसता जळफळाट झाला. पण त्यांनी सही केली.

पुस्तक आलं. त्यांनी ते आईला वाचून दाखवलं. समोर बसलेली लेक कोण हे गंगाबाईंना धड आठवत नव्हतं, पण त्या कान देऊन ऐकत होत्या.

"मुसळ कोठे गेलं गो?"

"वगळलं, आई."

"मग राक्षस मेला कसा?"

"मेला नाही."

"आणि तू काय केलंस?"

"सही केली."

गंगाबाई भिंत धरून उठल्या, दाराची कडी लावून आल्या. "मग येईल की तो पुन्हा जेवायला," त्या म्हणाल्या. पंकजाबाईंना रडू आवरेना.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक सूचना आहे: कथेत काही खटकल्यास मंडळास कळवावे. पाचशे प्रती वाटून झाल्या. वाचणारे हसले, थोडे हळहळले. कळवलं कुणीच नाही. मंडळाने मग वाचकांच्या नावापुढेही गुण नोंदवला: मौन. पुरुष वाचकांसाठी रकान्याचा नियम तेवढ्यापुरता शिथिल करण्यात आला. तुमच्या नावापुढची खूण करून ठेवली आहे.