पोरगी पाहायला गेलो आणि हिरड्या दाखवून आलो

आमच्या भावकीत पोरीची चौकशी करावी ती या पुंजाजीनंच! हे मी म्हणत नाही, सगळी भावकी म्हणते. म्हणजे मी म्हणतो आणि भावकी गप्प राहते, एकूण एकच! बघण्याच्या कार्यक्रमात पोरगी खाली मान घालून पोहे देते. त्यातून कळतं काय? पोह्यात मीठ किती, एवढंच. माझी रीत वेगळी. कार्यक्रमाच्या आधी अनोळखी म्हणून जायचं, पाणी मागायचं, पोरगी भाजीवाल्याशी कशी बोलते ते पाहायचं, मुकाट्यानं परतायचं आणि कार्यक्रमाच्या दिवशी काही कारण काढून घरीच राहायचं. आजवर मी एकदाही पकडला गेलो नव्हतो.

यंदा पाळी आली माझ्या नातवाची. प्रीतम अकोल्यात बँकेत आहे. त्याला अमरावतीचं स्थळ आलं. रश्मी, दातांची डॉक्टर, स्वतःचा दवाखाना! फोटो पाहूनच प्रीतम पाघळला होता, फोनवर बोलणंही सुरू झालं होतं.

"आबा, मले हीच पोरगी पाहिजे," तो म्हणाला. "रविवारी तिच्या घरी चला अन हो म्हना. बाकी काई करू नका."

बाकी काही करायला मी गुरुवारीच एसटीत बसलो. घरी सांगितलं, मोर्शीला मित्राकडे चाललो. खरं ठाऊक होतं फक्त माझ्या बायकोला, इंदूबाईला. ती म्हणाली, "जा बुवा. पन तोंड बंद ठेवजा!"

दातांच्या दवाखान्यात!

दवाखाना राजापेठेत, घराच्या खालच्या मजल्यावर होता. मला अक्षरओळख उशिरा झाली, याच नातवाच्या पाटीवर. त्यामुळे रस्त्यात जो फलक दिसेल तो मी मोठ्यानं आणि शेवटपर्यंत वाचतो. दारावर लिहिलं होतं, "सर्वांगीण दंतचिकित्सा. आम्ही दातांसोबत माणूसही तपासतो." मला हसू आलं. माणूस तपासायला तर मी आलो होतो!

आत रश्मी. हसरी, चटपटीत. मनात म्हटलं, पहिला पेपर पास.

"नाव काय, आजोबा?"

"खुशालराव. तेल्हाऱ्याचा." खुशालराव माझा शेजारी. असल्या कामाला मी त्याचंच नाव वापरतो. जिल्हाभर त्याच्या नावानं पाणी पिऊन झालं आहे.

"काय त्रास होतो?"

"तरास कायचा? बत्तीसच्या बत्तीस शाबूत हायेत! अजून दातानं ऊस सोलतो."

"मग आलात कशाला?"

इथे मी पहिल्यांदा घसरलो. "दाढ दुखते," म्हणालो आणि उजव्या गालावर हात ठेवला.

झालं! तिनं प्रश्नांची चळत लावली. झोप लागते का? जेवण काय? दात कशानं घासता?

"गुडाखूनं." हे आमच्याकडचं तंबाखूचं काळं मंजन. ते घासल्याशिवाय माझा सूर्यच उगवत नाही.

"सकाळी एकदाच ना?"

"सकाळी. दुपारी. अन मधामधात."

"घरात कोणाला साखरेचा आजार? मनावर ताण? घरी भांडणं?"

अरे, चौकशीला मी आलो होतो की ही? एवढं तर मी उभ्या हयातीत कोणत्या पोरीच्या बापालाही विचारलं नव्हतं! खरं सांगावं तर रविवारी घर ओळखू येईल. म्हणून मी आमच्या घराच्या अगदी उलटं घर रचलं. आमची सून ज्योत्स्ना आग्रह कर-करून वाढणारी. म्हणून म्हणालो, "सून जेवाले देत नाही."

"काय?"

"सकाळपासून पोटात कण नाही, बाई." पोटात स्टँडवरचे दोन समोसे आणि पावभर जिलेबी होती. पण पोरीचे डोळे भरून आले आणि मलाही रंग चढला. "पोरगा इचारत नाही. नातू त मोबाईलमधून तोंड वर काढत नाही!"

शेवटचं तेवढं खरं होतं. त्या मोबाईलवर तो हिच्याशीच तर बोलत असायचा!

मग "आ करा" झालं. एक बारीक सळई ती एकेका दाताच्या मुळाशी टेकवू लागली आणि शालू नावाच्या मदतनीस बाईला आकडे सांगू लागली. "तीन. तीन. पाच. सहा." सहा! माझी छाती फुगली. मार्क चढतच होते! मध्येच "दोन" ऐकलं तेव्हा मला त्या दाताची लाज वाटली. सात आल्यावर तर मी शालूबाईकडे पाहून भुवया उडवल्या.

"आजोबा," रश्मी म्हणाली, "आकडा मोठा म्हणजे हिरडी दातापासून तेवढी सुटली. तीनच्या आत पाहिजे."

छाती परत जागेवर आली. "पन रगत त कधी येत नाही!"

"ते गुडाखूमुळे. तंबाखूनं रक्त येणं दबतं. चोर घरात शिरलाय आणि कुत्रं भुंकत नाही, असं झालंय. दुखायच्या आधीच यायचं असतं हो! कोणती दाढ दुखते म्हणालात?"

मी डाव्या गालावर हात ठेवला.

तिनं सळई बाजूला ठेवली आणि म्हणाली, "अशा हिरड्या दिसल्या की मी साखर तपासतेच." बोट टोचलं. यंत्र पाहून तिचा चेहरा उतरला. "दोनशे ऐंशी! आणि तेही उपाशीपोटी?"

आता जिलेबीचं कोणत्या तोंडानं सांगू?

"तुम्हाला एकटं सोडता येणार नाही. मुलाचा नंबर द्या."

"पाठ नाही."

"बाबा! खाली या लवकर!"

जिन्यावरून भगवंतराव उतरले. तिचे वडील, निवृत्त मास्तर, आवाज शाळेच्या मैदानाला पुरेल एवढा. हकीकत ऐकून ते असे तापले की जणू उपाशी तेच होते. "सून जेवाले देत नाही? चला, मी येतो संगं तेल्हाऱ्याले!"

"नका मास्तर, लेकराबाळाची बाई हाये!"

"पाहा, तरी तिचीच बाजू घेऊन राहिले! किती भला मानूस!" त्यांनी वरून भाकर, वरण आणि मेथीची भाजी मागवली. जिलेबीवर भाकर ढकलताना मला घाम फुटला. घाम पाहून रश्मी आणखी घाबरली.

तेवढ्यात मास्तरांना युक्ती सुचली. "आमचे होनारे सोयरे अकोल्याचे हायेत. त्यांची तेल्हाऱ्याकडे ओळख हाये. त्यांलेच सांगतो तुमच्या पोराले दम द्याले!" आणि त्यांनी फोन लावला. माझ्या पोराला, श्यामला! फोनचा स्पीकर चालू करून!

"जय भीम, श्यामराव! तेल्हाऱ्याचं एक म्हातारं आलं आमच्याकडे. सून उपाशी ठेवते म्हनते."

"कोन म्हातारं?"

"खुशालराव नावाचं. गुडाखू घासते. दारातली पाटी मोठ्यानं वाचून राहिलं होतं."

पलीकडून श्यामचा बारीक आवाज आला, "पिवळी पिशवी हाये काय खांद्याले?"

"हाये ना! तुमी ओळखता काय?"

"द्या त्यांले फोन. बाबा, तुमी त मोर्शीले गेलते ना?"

मी काही बोलायच्या आत मागून ज्योत्स्ना कडाडली, "मी जेवाले देत नाही काय, मामाजी? मंग काल चार पुरनपोळ्या कोनं खाल्ल्या?"

फोन बंद झाला. मास्तरांनी भाकरीचं ताट माझ्यापुढून उचललं.

"रविवार रद्द! जे घर खोटं नाव सांगते, त्या घरी पोरगी देऊ काय?"

प्रीतमचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. पोरानं एकच गोष्ट मागितली होती आणि तीच मी मोडून ठेवली. मी हात जोडले. "मास्तर, खोटा मी हाये. पोराले यातलं काईच मालूम नाही. मले काय म्हनायचं ते म्हना, त्याले नका तोडू."

रश्मी पुढे झाली. "आजोबा, सकाळी काय खाल्लं? खरं सांगा."

"जिलेबी."

"किती?"

"पावभर. अन दोन समोसे."

तिनं कपाळाला हात लावला आणि फसकन हसली. "बाबा, रद्द नको. पण आता चौकशीला आपण जाऊ. न सांगता! आणि आजोबा, तुमच्या हिरड्या काही खोटं बोलल्या नाहीत. गुडाखू आजपासून बंद, आणि उद्या खरोखर उपाशीपोटी साखर तपासा."

शनिवारी सकाळी दोघं अकोल्याला आमच्या दारात! मास्तरांनी थेट स्वयंपाकघर गाठून डबे उघडून पाहिले. ज्योत्स्ना माझ्याकडे असं पाहत होती की मला त्या डब्यांतच बसावंसं वाटलं. इकडे रश्मीनं प्रीतमला उजेडात बसवलं आणि "आ करा" म्हटलं. पोरगा असा लाजला, असा लाजला! सळई नुसती टेकली तर रक्त आलं. इंदूबाईनं पदर तोंडाला लावला.

"घाबरू नका," रश्मी म्हणाली, "ही सुरुवात आहे. वेळेत सापडलं. साफ करून घेतलं आणि रोज नीट घासलं तर पूर्ण बरं होतं." मग वडिलांकडे वळली. "बाबा, मुलगा दुरुस्त होण्यासारखा आहे."

होकार एवढाच. प्रीतम उघड्या तोंडानंच हसला.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अमरावतीला झालं. स्थळ माझ्यामुळे पक्कं झालं, असं मी पंगतीत दोघा-तिघांना सांगत होतो, तेवढ्यात भगवंतरावांनी माईक हातात घेतला. मी टोपी सरळ केली.

"मंडळी, हे नवरदेवाचे आजोबा. यांले घरी पोटभर जेवाले देतात! मी सोता पाहून आलो!"

सगळा हॉल माझ्या ताटाकडे पाहू लागला. त्यांच्याकडची एक म्हातारी उठली, डोळे पुसत माझ्यापाशी आली आणि मुकाट्यानं माझ्या ताटात आणखी एक पोळी ठेवून गेली.

आता सगळे पाहत असताना ती पोळी मी कशी नाही खाणार?