अंगणासाठी हीटर निवडण्याची योग्य पद्धत

थंडी सगळ्यांना सारखीच वाजते. फरक पडतो तो इतकाच, की ती कोणाला आत बसून वाजते आणि कोणाला बाहेर बसून. जगातल्या बहुतेक मोठ्या भांडणांच्या मुळाशी हा एवढाच मुद्दा असतो, पण तो कोणी तक्त्यात मांडत नाही. मी मांडला. उभी हयात खरेदी विभागात घालवलेल्या माणसाकडून समाजाची एवढी तरी अपेक्षा असणारच.

खरेदी विभागाबद्दल लोकांचे गैरसमज फार. लोकांना वाटतं, हा विभाग वस्तू खरेदी करतो. तसं असतं तर कार्यालयात पाय ठेवायला जागा उरली नसती. खरेदी विभागाचं खरं काम म्हणजे निवड. निवड निर्धोक असते. खरेदीची चौकशी होऊ शकते. माझ्या कारकिर्दीत कर्मचाऱ्यांसाठी थंड पाण्याचं यंत्र निवडण्याचं काम इतकं काटेकोर चाललं, की ज्यांना तहान लागली होती ते सगळे यथावकाश निवृत्त झाले आणि मागणी आपोआप निकाली निघाली. निरोप समारंभात साहेबांनी या कामगिरीचा आदराने उल्लेख केला. (साहेब पाणी घरून आणत.)

निवृत्त झाल्यावर हा सगळा अनुभव मी घरच्यांसाठी खुला केला. दिवसभर. मुलगा दिवाणखान्यात बसून ऑफिसचं काम करतो, लॅपटॉपवर त्याच्या मीटिंगा चालू असतात. मी मागे उभा राहून त्यांतल्या त्रुटी दाखवतो. सून शेजारच्या खोलीत लोकांच्या घरांचे नकाशे काढते; खिडक्या कुठे चुकल्या ते मी सांगतो. आणि ही, म्हणजे माझी पत्नी, स्वयंपाक करत असताना मी ओट्याशेजारी असतोच. गॅस मोठा आहे, झाकण तिरकं आहे, चमचा चुकीचा घेतला, असे आपले किरकोळ शेरे. या मार्गदर्शनाचा मी एक पैसा घेत नाही.

अशाच एका संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, जरा मागे अंगणात जाऊन बसा ना. छान मोकळी हवा आहे."

"थंडी आहे," मी म्हणालो.

तिने मुलाकडे पाहिलं. मुलाने सुनेकडे पाहिलं. सून गोड आवाजात म्हणाली, "बाबा, हल्ली बाहेर लावायचे विजेचे हीटर मिळतात."

तीन माणसं एकमेकांकडे इतक्या शिस्तीत, एकापाठोपाठ एक पाहतात, तेव्हा बैठक आधीच होऊन गेलेली असते. हे मी अनुभवाने सांगतो.

आता परिस्थिती सरळ शब्दांत मांडतो, वाचकाचा गोंधळ नको. हीटर आला की मी बाहेर. हीटर नाही आला तर मी आत, माणसांत. उरलेला हिवाळा, आणि यांचा उत्साह पाहता कदाचित उरलेलं आयुष्यही, कुठे काढायचं हा प्रश्न एका उपकरणावर येऊन ठेपला होता. मला आतच राहायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. 'नको' म्हणणाऱ्याला घरात हट्टी म्हणतात, 'बघू' म्हणणाऱ्याला चिक्कू म्हणतात. म्हणून मी म्हणालो, "घेऊ ना! पण घ्यायचा तर सर्वांत चांगलाच घेऊ." हे वाक्य उच्चारल्यावर आजवर कोणतीही वस्तू वेळेत आलेली नाही.

पहिली पायरी, जागेची व्याख्या. ही म्हणते मागचं अंगण. मुलगा म्हणतो सिट-आउट. सून म्हणते पॅटिओ. ज्या जागेच्या नावावर तीन माणसांचं एकमत नाही तिथे विजेचं उपकरण लावणं धोक्याचं आहे, असं मी निदर्शनास आणलं आणि 'घराच्या मागील बाजूची, तीन अंगांनी उघडी व चौथ्या अंगाने स्वयंपाकघराला चिकटलेली फरसबंद जागा (यापुढे 'सदर जागा')' असा मसुदा ठेवला. तो मंजूर व्हायला बरेच दिवस गेले. सुनेला 'चिकटलेली' हा शब्द खटकत होता. मधल्या काळात मी आत होतो.

दुसरी पायरी, गरज. चारही जणांची लेखी पाहणी घेतली. 'आपणांस सदर जागेत बसायचे आहे काय?' या प्रश्नाला होकार शून्य. 'तर मग तेथे कोणी बसावे?' यावर मात्र पंचाहत्तर टक्के एकमत झालं. (उरलेले पंचवीस टक्के म्हणजे मी.) 'का बसावे?' या प्रश्नाखाली मी दोन ओळी सोडल्या होत्या. हिने पुरवणी जोडली.

तिसरी पायरी, बाजारभेट. सगळे मिळून दुकानात गेलो. तिथला विक्रेता भलताच तरतरीत.

"काका, साधा हीटर हवा तापवतो," तो म्हणाला. "पण बाहेर हवा थांबते थोडीच? वारा आला की गेली. म्हणजे बिल तुमचं आणि ऊब शेजाऱ्याला. आता हा बघा. हा हवेला हातच लावत नाही. हा डायरेक्ट माणूस तापवतो."

"त्यासाठी हीटर कशाला?" मुलगा म्हणाला. "आमच्याकडे माणसं अशीच तापतात."

"यांच्याजवळ दहा मिनिटं बसलं की पुरे," हिने पुस्ती जोडली.

विक्रेता हसला. माझं काम हसण्याचं नव्हतं. मी लिहून घेतलं : 'माणूस तापवतो. कोणता? किती? पुन्हा थंड व्हायला किती वेळ?' तिन्ही उत्तरं मी लेखी मागितली. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. मी एकटाच प्रसन्न होतो.

मग छाननी. एकेका प्रकाराला मी पूर्ण न्याय दिला. निष्कर्ष थोडक्यात असे :

उभा हीटर. खांबासारखा, खाली गोल बैठक. धक्का लागला तर आडवा होतो, आणि आडवा झाला की आपोआप बंद पडतो, असं पत्रकात अभिमानाने छापलं आहे. पडल्याबरोबर काम थांबवणाऱ्याचा एवढा गौरव मी आमच्या कार्यालयाबाहेर प्रथमच पाहिला. बाद.

भिंतीवरचा. उष्णता वरून खाली येते, म्हणजे प्रथम टकलाला लागते. घरात टक्कल एकालाच आहे. हा उघड पक्षपात आहे. बाद.

टेबलाखालचा. गुडघे गरम, नाक गार. शिवाय सदर जागेत टेबल नाही. टेबलाची निवड हा स्वतंत्र विषय असून त्यासाठी मी कितीही वेळ द्यायला तयार आहे, असं मी कळवलं. तूर्त बाद.

छताला टांगायचा. सदर जागेला छत नाही. छत घातलं तर ती बाहेरची जागा राहत नाही, आणि बाहेरची जागाच राहिली नाही तर बाहेरच्या हीटरची गरज उरत नाही. हे सुचलं तेव्हा मी टाळीसाठी हात पुढे केला. कोणी दिली नाही.

याखेरीज पाण्याचा प्रश्न होताच. प्रत्येक हीटरवर तो किती पाणी सोसू शकतो त्याचा आकडा असतो. एक आकडा नुसत्या तुषारांचा, एक पावसाच्या सरीचा, एक थेट फवाऱ्याचा. मी दुकानात फोन करून विचारलं, "आंघोळ घातली तर चालेल का?" विक्रेत्याने विचारलं, "कोणाला?" मी तक्त्यात त्यापुढे 'संदिग्ध उत्तर' असा शेरा मारला. नंतर तो माझा फोन उचलेनासा झाला, तेव्हा 'विक्रीपश्चात सेवा असमाधानकारक' असाही मारला. (विक्री झाली नव्हती. पण अंदाज यायला काय लागतं?)

उजेडाचंही बघावं लागलं. काही हीटर लालभडक पेटतात आणि त्यांच्याखाली बसलेला माणूस लांबून भाजायला ठेवल्यासारखा दिसतो. काहींना अजिबात उजेड नसतो, म्हणजे ते चालू आहेत की नाही हे हात लावून पाहावं लागतं, आणि चालू असतील तर मग औषधांच्या पेटीचाही विचार करावा लागतो. मी तिचा विचार सुरू केला.

घोंगडं असं मस्त भिजत पडलं होतं. हिवाळा अर्ध्यावर आला. मी आत, उबेत, झाकणांवर लक्ष ठेवून. ही कधीकधी भिंतीकडे बघून पुटपुटायची, मुलगा कानात यंत्रं घालून बसायचा, पण हीटरचं नाव काढायची कोणाची छाती नव्हती, कारण नाव काढलं की मी तक्ता काढत असे. इथेच थांबलो असतो तर जिंकलो होतो. पण यशाची चटक वाईट. मला हे प्रकरण कायमचं मिटवायचं होतं.

म्हणून मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना इतके प्रश्न विचारले, इतके विचारले, की बाहेर पेशंट दार वाजवायला लागले. शेवटी सुटका व्हावी म्हणून त्यांनी मला हवं ते लिहून दिलं : 'यांनी थंडीत उघड्यावर बसू नये.' खाली सही, शिक्का. ती चिठ्ठी मी रात्री जेवताना सर्वांसमोर ठेवली.

"अगं बाई!" ही म्हणाली. तिने चिठ्ठी दोनदा वाचली. तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती, तेवढं मी ओळखतो. "मग तुम्ही मुळीच बसायचं नाही हं बाहेर. तब्येतीपेक्षा का काही मोठं आहे?"

"तेच तर म्हणतोय मी."

"चला, मिटला विषय," मुलगा म्हणाला.

मिटला! मी पुन्हा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ही भाजी आणायला म्हणून बाहेर पडली आणि हीटर घेऊन आली. (भाजी राहिली.) मी सर्दच झालो.

"अगं, पण बसणार कोण तिथे?"

"बसेल कोणीतरी. इतके दिवस नुसतं ऐकतेय त्या मेल्या हीटरबद्दल. म्हटलं, बघू तरी काय असतो."

तिची निवडपद्धत मी नंतर दुकानात जाऊन समजून घेतली. तिने विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला होता, "याचं बटण कुठे आहे?" त्याने दाखवलं. तिने घेतला. उपकरण तेच, हवेला हात न लावता माणूस तापवणारं. इलेक्ट्रिशियनने ते भिंतीवर बसवलं, तेसुद्धा उंची न मोजता, नुसता एक डोळा मिटून.

संध्याकाळी ही चहाचा कप घेऊन "चालतो का बघते" म्हणत बाहेर गेली. परत आली नाही. थोड्या वेळाने सून "आईंना शाल देऊन येते" म्हणून गेली, आणि शाल माझ्यासमोर खुर्चीवरच राहिली. मग मुलगा लॅपटॉप घेऊन उठला. कुंपणापलीकडच्या शेजारीणबाई, ज्या वर्षानुवर्षं आमच्याशी फक्त कचऱ्याच्या डब्यावरून बोलत आल्या आहेत, त्या स्वतःची खुर्ची उचलून आल्या. पाहणीत होकार शून्य होते, हे मी पुन्हा एकदा तपासून पाहिलं. शून्यच होते.

दिवाणखाना माझा. ओटा माझा. टीव्हीचा रिमोट माझा. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "झाकण तिरकं आहे." भांडं काही बोललं नाही. झाकण मीच सरळ केलं. मग पुढे काय करायचं ते सुचेना.

काचेच्या दारातून सगळे दिसत होते. ही हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि मुलगा पोट धरून हसत होता. शेजारीणबाई डोळे पुसत होत्या. ही इतकं छान बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यामुळे ते ऐकू आलं नसावं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि इथे कंसात काही लिहायचीही इच्छा नाही.

मी दार सरकवलं. "मी पण येतो जरा."

"अहो, नाही नाही!" ही ताडकन उठली. "डॉक्टरांनी काय लिहून दिलंय? व्हा बघू आत. बाधेल तुम्हाला."

"बाबा, रिस्क नका घेऊ," सून म्हणाली.

"काका, तब्येत आधी," शेजारीणबाई म्हणाल्या. यांना कोणी विचारलं होतं?

हिने स्वतः पुढे येऊन दार लावलं आणि काचेपलीकडून मानेनेच विचारलं, बरं आहे ना? तिच्या वागण्यात टोमणा होता का, हे मी फार बारकाईने तपासलं. नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं. मी मान हलवली आणि आत येऊन बसलो. तेव्हापासून रोज संध्याकाळी असंच चालू आहे.

होतकरू निवडकर्त्यांना मार्गदर्शन व्हावं म्हणून हे टिपण लिहिलं आहे. त्यासाठी लागणारी शांतता मला आता मुबलक मिळते. वाचकांनी हसायला माझी हरकत नाही. फक्त एक बाब नम्रपणे निदर्शनास आणतो. आपण हे इथपर्यंत एका बैठकीत वाचलंत. मध्ये कोणी हाक मारली नाही, कोणी चहा विचारला नाही, 'काय वाचताय एवढं?' असंही कोणी म्हणालं नाही. जरा मान वर करून बघा, घरातले बाकीचे सगळे कुठे जाऊन बसलेत ते.