शंकोजीचे रुसलेले सोयरे

आमच्या शेजारचा शंकोजी कॉम्प्युटरला कधी शिवी देत नाही. देतो ती कॉम्प्युटरच्या सोयऱ्यांना.

बेंगळुरातल्या चामराजपेटेत त्याच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. तो लग्नपत्रिका छापतो. वय पंचेचाळीस, स्वतःचं लग्न नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, "दुसऱ्यांचीच इतकी लागली की हौस फिटली." मी चौथी नापास, तीस वर्षं पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवला. आमची ही गेल्यापासून संध्याकाळी घर खायला उठतं, म्हणून मी त्याच्याकडे जाऊन बसतो. चहा मिळत नाही, कारण त्याला तो करता येत नाही. ज्ञान मात्र मिळतं, नको म्हटलं तरी.

"अण्णा, कुठलाच प्रोग्राम एकटा चालत नाही बघा. त्याला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा. लग्नासारखंच. नवरा उभा आहे, पण मामा आल्याशिवाय अक्षता नाहीत. मामा म्हणतो, आधी आत्याला आणा. आणि आत्या रुसून बसलीय!"

त्याच्या भिंतीवर खडूनं दोन रकाने काढलेले. डावीकडे 'बसलेले', उजवीकडे 'रुसलेले'. सकाळी एखाद्या प्रोग्रामचं नाव उजवीकडून डावीकडे आलं की स्वारी शीळ घालते. संध्याकाळपर्यंत ते परत उजवीकडे जातं.

त्या साली आमच्या समाजाच्या मंडळानं वेबसाइट करायचं मनावर घेतलं. बेंगळुरात आपली घरं कुठं कुठं आहेत, लग्नाची मुलंमुली कोण, सगळं तिथं दिसणार. काम शंकोजीकडे आलं. आधी घरच्या कॉम्प्युटरवर उभी करायची, दिवाळीआधीच्या रविवारी सभेत दाखवायची, मग जगात सोडायची. अध्यक्ष त्याला ऐकू येईल असं बोलले, "याला नाही जमलं तर ब्रिगेड रोडवरचा दुकानदार इंग्रजीत करून देतोय."

"मराठीतच होणार," शंकोजी म्हणाला. "आणि माझ्याकडच्या अक्षरांतच."

मला वाटलं, मस्ती आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत काम झ्याक चाललं होतं. मग आली आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला हार, कुंकू. मी अजून माझ्या जुन्या पान्यांना कुंकू लावतो. शंकोजीनं कॉम्प्युटरला झेंडू घातला, लिंबू ठेवलं, आणि मनात काय आलं कोण जाणे, म्हणाला, "सणाला यंत्राला नवं कापड नको?" कुठल्याशा मासिकाबरोबर सीडी फुकट आली होती. तिच्यातले सगळे नवे प्रोग्राम त्यानं मुहूर्त बघून यंत्रात घातले.

आरती झाली. वेबसाइट उघडली. सगळीकडे चौकोन! अध्यक्षांच्या नावाच्या जागी सहा चौकोन, मुलींच्या नावांच्या जागी चौकोन.

"नवरीच्या तोंडावर हे काय आलं?" मी विचारलं.

"सोयरे रुसले, अण्णा."

पुढचे दिवस मनधरणीत गेले. वेबसाइटचं पान म्हणालं, अक्षरांचा प्रोग्राम जुना आहे, नवा आणा. नवा आणला तर त्यानं ही अक्षरं ओळखायलाच नकार दिला. अक्षरं जुन्या प्रोग्रामला धरून, जुना प्रोग्राम त्याच्याहून जुन्या कुणाला तरी धरून. 'बसलेले' रकान्यात शेवटी एकटा माऊस उरला.

सभेआधीच्या शुक्रवारी मी वैतागून म्हटलं, "शंक्या, इंचाच्या बोल्टवर एमएमचा नट लावतोयस तू. दोन आटे जातो आणि आवळतो. मग जोर लावलास की आटेच मरतात. बोल्ट जुना ठेवायचाय ना? मग नटही जुनाच घे. नवं सगळं काढ."

त्यानं कानाला हात लावला. "पूजेत चढवलेलं काढू?"

"निर्माल्य काढतोस की नाही दुसऱ्या दिवशी? का देवाच्या डोक्यावर कुजवतोस?"

त्याला ते पटलं. मग सोवळ्यातल्यासारखे हात धुऊन आला आणि एकेक नवं काढायला बसला.

काढलं, पण जुनं कुठून आणायचं? त्याच्या जुन्या फ्लॉप्यांना बुरशी लागलेली. शनिवारी सकाळी एस.पी. रोडची कॉम्प्युटरची दुकानं पालथी घातली. दुकानदार हसायचे. "हळेदा सार?" म्हणजे, जुनंच पाहिजे, साहेब? एकानं मात्र "स्वल्प थांबा" म्हणून फळीखाली डोकं घातलं, आणि धुळीचा एक डबा काढला. शंकोजीनं त्यातली सीडी अशी छातीशी धरली की रिक्षावाल्यानं विचारलं, प्रसाद आहे का?

दुपारी पान उघडलं. चौकोन गेले, नावं आली. ठसठशीत, जरा उजवीकडे झुकलेली अक्षरं.

रविवारी सकाळी सभेत टाळ्या पडल्या. स्वतःचं नाव वाचून अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सोड जगात!" ब्रिगेड रोडचं नाव कुणी काढलं नाही. कॉम्प्युटर रिक्षात घालून आम्ही घरी आलो. मला वाटलं, आता हा महिनाभर छाती काढून फिरणार. तर तो पायरीवर बसला आणि हळूच म्हणाला,

"अण्णा, जगात सोडलं की येलहंक्यात दिसेल ना?"

"अमेरिकेत दिसतं म्हणतोस, मग शहराच्या टोकाला येलहंक्यात का नाही? कोण आहे तिथं?"

"आमची कमळा. ही अक्षरं तिची आहेत. आलेखाच्या कागदावर एकेक चौकट भरून काढलेली. मी फक्त यंत्रात घातली."

कमळा म्हणजे त्याची धाकटी बहीण. जातीबाहेर लग्न केलं म्हणून सहा वर्षांपूर्वी बापानं तिला घराबाहेर काढलं होतं. मला आठवत होतं. बाप ओरडत होता आणि हा दारात उभा राहून जमिनीकडे बघत होता. बाप तीन वर्षांमागं गेला, तरी हा तिच्याकडे गेला नव्हता.

"तिनं कुठं पाहिलंच हे, तर तिला कळेल," तो म्हणाला. "मी तिची अक्षरं टाकली नाहीत म्हणून."

मला रागच आला. म्हटलं, "गाढवा, येलहंक्याला निरोप धाडायला अख्खं जग फिरवतोस?"

"जाऊन दार नाही उघडलं तर?"

"नाही उघडलं तर परत ये. माझी जिथं गेलीय, तिथं बस जात नाही. येलहंक्याला जाते."

तो पायरीवरून उठला. मग आत गेला आणि धुतलेला शर्ट घालून आला.

मॅजेस्टिकच्या स्टँडवर बस बदलली. एरवी कंडक्टरलासुद्धा सोयरे समजावून सांगणाऱ्या माणसानं हेब्बाळपर्यंत नुसत्या दुकानांच्या पाट्या वाचल्या. मग खिडकीबाहेर बघतच विचारलं,

"अण्णा, दार तुम्ही वाजवाल?"

"वाजवीन," मी म्हटलं. "पण पुढं तू उभं राहायचं."