भागाबाईचा घसा

जळगाव जामोदला आमच्या गल्लीत कुणाकडे बाळंतपण झालं, की दुसऱ्या दिवशी भागाबाईचा घसा बसलेला असे. बाजारात ती वांगी बोटांनी मागू लागली, की माळीण लगेच विचारी, "कोनाकडे वं? पोरगा का पोरगी?" भागाबाई ओठावर मिशी पिळून दाखवी, नाही तर नाकाला बोट लावी. पुढचे दोन दिवस ती ज्येष्ठमधाची काडी चघळत हिंडे आणि जेवढं बोलायचं तेवढं कुजबुजत बोले.

भागाबाई आमच्या गल्लीची सुईण. पण बाळंतपणात ओरडायची ती.

हे नवख्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे बाळंतिणीनं ओरडू नये असा दंडक होता. बाहेर ओसरीवर सासरा बसलेला, दीर बसलेले. त्यांच्या कानी सुनेचा आवाज गेला तर घराची अब्रू गेली. म्हणून आढ्याच्या दोराला धरायचं, तोंडात पदराचा बोळा घ्यायचा आणि सोसायचं. मग वर्षभर सासू सांगत फिरे, "माह्या सुनेनं हूं का चूं केलं नाई." सुनेच्या गुणांत हा गुण स्वयंपाकाच्याही वर धरला जाई.

भागाबाई आत जाई, पोट चाचपी, दोर ओढून पाही, पाणी तापत ठेवी. सगळं झालं की ओसरीकडच्या दाराशी उभी राही, एक हात कमरेवर ठेवी आणि सुरू करी, "मेली वं माय! नाई वाचत वं आता!" त्या आवाजाखाली आतल्या बाईनं मग पाहिजे तेवढं ओरडून घ्यावं. ओरडणं कुणाचं आणि कुणाचं नाही, हे बाहेर कुणाला ओळखू येत नसे.

म्हातारे चिडत. "भागाबाई, लेकरू सुनेले होऊन राह्यलं का तुले?"

"मलेच होऊन राह्यलं, पाटील! तुमी पान खा."

दिसायला ती काटकुळी, रंगानं सावळी. तेल्याच्या घाण्यामागे एका खोलीत एकटी राहायची. नवरा कधीच वारलेला. जातीनं वारीक, म्हणजे न्हावी, त्यामुळे काम असेतो घराच्या आतल्या खोलीत, आणि काम झालं की ओट्यावर पोत्यावर बसायचं, हे तिनं न सांगता पाळलेलं. तिला एक प्रश्न विचारायची खोड होती. "इचारलं का?" कुणी बैलाला नाल मारताना दिसला तरी ती थांबायची. "त्याले इचारलं का?" कुणाच्या पोरीची सोयरीक जमली की पेढा हातात घेऊन पहिलं वाक्य, "पोरीले इचारलं का?" मी अंगणात जाईचा वेल उपटून दुसऱ्या कोपऱ्यात लावत होतो, तर कुंपणावरून आवाज आला, "मास्तर, येलाले इचारलं का?" लोक हसत. मीही हसत असे. मी तेव्हा नुकताच बी.ए. होऊन तिथल्या शाळेत मास्तर झालो होतो आणि प्रश्न विचारायचे ते आपण, अशी माझी समजूत होती.

आमच्या घराण्यात शिकलेला पहिला मी. वडनेर भोलजीला आमची शेती. वडलांनी मला खामगावच्या शाळेत ठेवलं, पुढे अमरावतीला धाडलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण कॉलेजात चार वर्षं काढूनही काही गोष्टी मला ठाऊक नव्हत्या, आणि त्या ठाऊक नाहीत हेही ठाऊक नव्हतं.

माझी बायको वेणू. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी, पिंपळगाव राजाला झालं. दोन दिवस ती अडली होती. मुलगा झाला तो संध्याकाळपर्यंतही राहिला नाही. मी पोचलो तेव्हा सगळे मला एकच गोष्ट सांगत होते, की पोरीनं दोन दिवसांत तोंडातून आवाज काढला नाही. खालचा ओठ तिनं दातांनी फाडून घेतला होता. त्या कौतुकाचा मला अजून वीट येतो. त्यानंतर महिनाभर ती कुणाशीच फारशी बोलली नाही आणि घरात कुणाला ते वावगं वाटलं नाही.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी ठरवलं, की बाळंतपण खामगावला, बायकांच्या दवाखान्यात करायचं. तिथे नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्या क्लोरोफॉर्म हुंगवतात आणि बाईला दुखणं कळत नाही, असं मी ऐकलं होतं. माझी माय वडनेरहून आली होती. तिला मी वर्गात शिकवल्यासारखं समजावलं.

"विलायतेत राण्यासुद्धा घेतात, माय."

"राणीच्या घरी ओसरी नसन," माय म्हणाली. "मी चार लेकरं काढली. तुह्या बापाले आवाज गेला नाई. दुखल्याबिगर लेकरू आपलं वाटते का? बेसुध बाईच्या कुशीत कोनी कोनाचंबी आनून ठेवीन!"

पंधरा दिवस हा वाद चालला. सकाळी माय बोले, शाळेतून आल्यावर मी बोले. दोघंही थकलो तरी हटलो नाही. अशाच एका दुपारी भागाबाई पायरीवर ज्येष्ठमध चघळत बसली होती. आदल्या दिवशी कासारांकडे मुलगी झाली होती. ती कुजबुजली, "मास्तर, दोघंबी झगडून राह्यले. तिले इचारलं का?"

वेणू चुलीशी भाकरी थापत होती.   

पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मी तिला विचारलं. वेणूनं तव्यावरची भाकरी उलटली, हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "मला ते हुंगायचं पाहिजे. पण मी सांगीन तेव्हा. अन् भागाबाई संग पाहिजे."

"दोन्ही कसं होईन बाप्पा?" माय म्हणाली. "एक तर दवाखाना, नाई तर सुईन."

"तिनं सांगतलं ना," भागाबाई घशातल्या घशात म्हणाली आणि लुगड्याचं गाठोडं बांधायला घरी गेली.

नांदुऱ्यापर्यंत मोटार, तिथून रेल्वे, जलंबला गाडी बदलून खामगाव. भागाबाई आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसली आणि सबंध प्रवासात वेणूच्या पोटावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली. इंजिनानं शिट्टी दिली तेव्हा फक्त एकदा म्हणाली, "हेबी माह्यावानीच हाय."

दवाखान्यामागे नातलगांसाठी खोल्या होत्या. तिथे आम्ही आठ दिवस राहिलो. माय भाकऱ्या करी आणि दवाखान्याला नावं ठेवी. नवव्या दिवशी वडील वडनेरहून आले. सुनेची चौकशी मुलाकडे थेट करायची पद्धत नव्हती, म्हणून त्यांनी माझ्याकडे पावसापाण्याची चौकशी केली आणि व्हरांड्यातल्या बाकावर काठी टेकून बसले. त्याच दिवशी दहाच्या सुमारास वेणूच्या कळा सुरू झाल्या. तिला आत नेलं. भागाबाईला आत येऊ द्यावं म्हणून मी डॉक्टरीणबाईंची विनवणी केली. त्या पुण्याकडच्या, बेताचं आणि स्वच्छ बोलणाऱ्या. "शांत बसणार असतील तर बसू द्या," म्हणाल्या. भागाबाईनं मान डोलावली. तिला वाटलं, शांत म्हणजे दवाखान्याच्या भांड्यांना हात लावायचा नाही.

तासाभरानं खिडकीतून आरोळी आली. "मेली वं माय! नाई वाचत वं!"

समोरच्या खोलीतून डॉक्टरीणबाई जेवणाचा हात तसाच घेऊन धावल्या. मागे नर्स, तिच्या हातात बाटली आणि तोंडावर धरायची जाळी. मीही खिडकीपाशी धावलो, लाज सोडून आत पाहिलं. वेणू खाटेवर उठून बसली होती आणि कपातून पेज पीत होती. भागाबाई व्हरांड्याकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून ओरडत होती.

"पेशंट कोण आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हे," भागाबाईनं वेणूकडे बोट केलं. "मी तिच्या वाट्याचं ओरडून राह्यली."

"का? तिला ओरडता येत नाही?"

"बाई, तिचा सासरा बसला हाय बाहेर!" भागाबाईनं हे इतक्या गंभीरपणे सांगितलं, की जणू मूल आडवं आलं आहे.

 डॉक्टरीणबाई व्हरांड्यात आल्या आणि माझ्या वडलांना म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही स्टेशनवर जाऊन चहा घ्या. संध्याकाळी या." माझ्या वडलांना जन्मात कुठल्या बाईनं जागेवरून उठवलं नव्हतं. ते उठले. काठी घेतली, टोपी नीट केली आणि माझ्याकडे न बघता फाटकाबाहेर पडले. माय पदरात तोंड घालून बसली. रडत होती की हसत होती, ते आजही सांगता येत नाही.

"आता ओरडा," आत डॉक्टरीणबाई वेणूला म्हणाल्या. "इथे कुणाची मनाई नाही."

पुढची कळ आली आणि वेणू ओरडली. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. पहिला सूर चाचपत आला, मग मोकळा झाला. त्यात या कळेपेक्षा पुष्कळ जुनं काहीतरी होतं. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो.

थोड्या वेळानं भागाबाई बाहेर आली. "आता माहं काई काम नाई तिथं," म्हणाली आणि बाकाच्या टोकाला बसली. तिला बाकावर बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मायनंही पाहिलं. ती थोडी सरकली.

दुपारी कळा फार वाढल्या. नर्स दारात आली आणि मला म्हणाली, "क्लोरोफॉर्म द्यायचा का, बाई विचारतायत."

"हो, हो, लगेच द्या," मी म्हणालो.

"त्याले काय इचारता?" भागाबाई उठून उभी राहिली. "दुखून कोनाले राह्यलं?"

नर्स आत गेली. वेणूचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "आत्ता नको." आम्ही तिघं बाहेर बसून राहिलो. सगळ्यांत कठीण मला तेवढा वेळ गेला. औषध पाच पावलांवर होतं आणि ते द्यायला लावणं माझ्या हातात नव्हतं. मग बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "आता द्या." त्यानंतर आतून भांड्यांचे, पावलांचे आवाज आले. नंतर काहीच नाही. माय देवाचं नाव घेऊ लागली. भागाबाईनं दोन्ही मुठी गच्च आवळल्या होत्या, दोर धरावा तशा.

चारच्या सुमाराला मूल रडलं. मुलगी झाली होती. वेणू शुद्धीवर येत होती आणि चांगली होती. मुलगी दाखवताच माय पहिल्यांदा म्हणाली, "आपलीच दिसते वं." तिची शंका तिथे मिटली आणि ती आत जाऊन बसली.

डॉक्टरीणबाई हात धुवायला व्हरांड्यातल्या नळाशी आल्या. नर्स बाटली कपाटात ठेवायला चालली होती. भागाबाई तिच्या वाटेत उभी राहिली. एका आरोळीनंही तिचा घसा बसला होता. म्हातारपणानं असेल.

"बाई, एक इचारू? हे म्हाताऱ्या बाईनं हुंगलं तर चालते का?"

"तुम्हाला काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आज काई नाई."  मी जवळच होतो, पण माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. "मले एकच झालती. पोरगी. तोंडात बोळा कोंबला होता माह्या. सासूनं हात धरले होते. पोरगी आली ते रडलीच नाई. अन् मलेबी रडू देल्लं नाई. बाहेर ओसरीवर सोंगट्या खेळून राह्यले होते. त्याईले समजलंच नाई काई झालं म्हून."

नळ वाहत होता.

"याच्यानं मागचं दुखनंबी जाते का, बाई?"

डॉक्टरीणबाई नळाकडून तिच्याकडे वळल्या. "नाही, मावशी. हे त्या वेळेपुरतंच असतं."

"हाव," भागाबाई म्हणाली. दुकानात एखादा जिन्नस संपलाय असं सांगितल्यावर माणूस मान हलवतो, तशी तिनं मान हलवली. "मंग ठेवा. दुसऱ्या कोनाच्या कामी येईन."

ती नर्सच्या वाटेतून बाजूला झाली आणि पुन्हा बाकाच्या टोकाला जाऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी नळ बंद केला आणि ओल्या हातांनी तशाच तिच्या शेजारी येऊन बसल्या.